वरच्या मजल्याची साक्ष

कॉलर उलटी पसरून तिने आधी दोन्ही टोकं दाबली आणि मग इस्त्री मध्याकडे आणली. बाहेरून आत. आतून बाहेर नेली की टोकाशी चुणी पडते, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. रुग्णालयाच्या लाँड्रीत तिची सत्तावीस वर्षं झाली होती.

"हॉटेलवाल्यांनी केली होती इस्त्री," भाऊ म्हणाला. "बघ ना कशी केलीय. तू आलीस म्हणून निभावलं."

तो बनियनवर खुर्चीत बसून कोमट पाण्याचे घोट घेत होता. समोरच्या आरशाभोवती दिवे लावलेले होते आणि भिंतीपलीकडे सभागृहात कुणीतरी माइकवर पुन्हा पुन्हा एक ते तीन आकडे म्हणत होतं. रविवारची दुपार. आठशे खुर्च्या, आणि आठशेही विकल्या गेलेल्या. खोलीच्या दारावर त्याचा हसरा फोटो चिकटवलेला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'समृद्धी हा तुमचा वारसा'.

तिने मागच्या सोमवारी त्याला फोन केला होता. तिच्या उजव्या मनगटातली नस दबली होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं सकाळी आपली वाटतच नसत. डॉक्टरांनी कागदावर हात काढून दाखवला आणि सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर पकड जाईल. खर्चाचा आकडा ऐकून ती दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा भावाकडे पैसे मागितले. तो म्हणाला होता, "रविवारी कार्यक्रमालाच ये ताई, निवांत बोलू." ते निवांत बोलणं अजून झालं नव्हतं.

"आज मी तुला स्टेजवर बोलावणार आहे," तो म्हणाला.

"मला? कशाला?"

"देवाने मला चष्मा दिला, ती साक्ष सांगून झाली की. दोनच वाक्यं बोलायची. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा कसा दिसत होतो, एवढंच."

इस्त्री बाहीवर जराशी जास्त थांबली. तिने ती चटकन उचलली.

"ते नको."

"का गं?"

"मला नाही जमत लोकांपुढे बोलायला."

"घरच्यासारखं बोल. लोकांना तेच आवडतं." त्याने पेला खाली ठेवला. "आणि हाताची काळजी करू नकोस. हे एकदा पार पडलं की बघू."

दारातून मॅनेजरबाई डोकावली. गळ्यात पेन अडकवलेलं, हातात वही. "सर, दहा मिनिटं."

भावाने शर्ट चढवला. सवयीने ती बटणं लावायला पुढे झाली, पण तिसऱ्या बटणाशी बोटं चुकली. उरलेली त्याने आरशात बघत स्वतःच लावली.

तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एरवी ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे, दाराजवळ. लाँड्रीचा वास अंगाला असतो, उगाच लोकांना त्रास नको. तिची प्रार्थनाही त्या बाकाला शोभेल अशीच होती. आजचा दिवस नीट जाऊ दे, माझ्यामुळे कुणाचं वाईट होऊ नये. त्यापलीकडे काही मागायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"देव कंजूष नाही!" वरून भाऊ म्हणत होता. "तुमची मागणी कंजूष आहे!"

लोकांनी लिहून घेतलं. प्रत्येकाच्या मांडीवर एकसारखी निळी वही होती, तिकिटाबरोबर मिळालेली. पाच वाजता उठायचं. आरशात बघून स्वतःला आशीर्वाद द्यायचा. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला, दुसरा दहावा भाग स्वतःच्या विकासाला. तक्रार करणाऱ्या नातेवाइकांपासून लांब राहायचं. गरिबी ही सवय आहे, असं तो म्हणाला तेव्हा तिच्या शेजारचा सूट घातलेला माणूस जोरात 'आमेन' म्हणाला.

मग त्याने आवाज खाली आणला. तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"मी अकरा वर्षांचा होतो. वडील गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली. फळ्यावरचं मला दिसायचं नाही आणि मास्तर म्हणायचे, मठ्ठ आहे. चष्म्याला पैसे नव्हते. घरातले सगळे नशिबाला दोष देत बसले होते. मी एकटा बसलो नाही. मी मागितलं. म्हटलं, प्रभू, मला बघायचंय! आणि चौथ्या दिवशी चष्म्याच्या दुकानदाराने मला रस्त्यातून हाक मारली. डोळे तपासले, चष्मा माझ्या नाकावर ठेवला. मी विचारलं, काका, पैसे कोणी दिले? तो माणूस एक शब्द बोलला नाही, मंडळी. त्याने फक्त बोट वर केलं."

भावाने बोट वर केलं. दिव्यांचा झोत त्या बोटावर आला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

दुकानाच्या वर लाँड्री होती.

रुग्णालयात लागण्याआधीची तिची पहिली नोकरी ती. वय एकोणीस. खाली चष्म्यांचं दुकान, वर पत्र्याखाली वाफेचे दोन प्रेस. मधल्या जिन्यावर चष्मेवाला आणि ती रोज समोरासमोर येत. भावाच्या चष्म्याचे पैसे दर आठवड्याला थोडे थोडे देण्याचं तिने त्याच्याशी ठरवलं आणि तेवढ्यासाठी प्रेसवर दुसरी पाळी घेतली. चष्मेवाला मुळातच कमी बोलणारा. पोराने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात सुताराने धरावेत तसे दोन बारीक स्क्रू होते. त्याने बोट वर केलं ते खरंच होतं. वरती ती होती.

त्या संध्याकाळी पोरगा धावत घरी आला. "ताई, देवाने दिला! काकांनी वर बोट दाखवलं!" वडील गेल्यापासून त्याने प्रार्थना सोडली होती, देवाचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. आणि त्या दिवशी, नवा चष्मा नाकावरून घसरत असताना, तो खाटेपाशी गुडघे टेकून बसला. ती दारात उभी राहून बघत होती. सांगायला तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं.

नंतर मात्र ते मिटलेलं तोंड तिला जड झालं. देवाच्या जागी आपण उभ्या राहिलो आणि पोराला कळू दिलं नाही, हे तिला दर रविवारी आठवे. भाऊ शिकला, मोठा झाला, बोलू लागला, लोक त्याच्या विश्वासाचे दाखले देऊ लागले, तसतसं तिला वाटे की एवढी मोठी इमारत आपल्या एका खोट्यावर उभी आहे. आता एक वीट काढली तर सगळं त्याच्याच अंगावर येईल. म्हणून ती गप्प राहिली. पण तिने स्वतःला एक अट घातली होती. हे खोटं आपण आपल्या तोंडाने कधी म्हणायचं नाही.

"माझी थोरली बहीण आज इथे आहे," भाऊ म्हणाला. "ताई, ये."

पायऱ्या चार होत्या. माइक हातात आला तेव्हा तो तिला अपेक्षेपेक्षा जड वाटला. तिने तो डाव्या हातात घेतला.

"सांग ताई. त्या दिवशी मी कसा दिसत होतो?"

"आनंदात होतास," ती म्हणाली. तिचा आवाज चारही भिंतींवरून परत आला, तशी ती दचकली. दोन वाक्यं ठरली होती, त्यातलं एक झालं होतं. "पण ते... चष्म्याच्या दुकानावर लाँड्री होती. मी तिथे कामाला होते. वरच्या मजल्यावर. पैसे मी भरले होते. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं."

दिव्यांची गुणगुण ऐकू आली. तिने भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा कोसळताना बघायला लागणार, याचीच तिला एकोणतीस वर्षं भीती होती.

भावाने डोळे मिटले. एक, दोन, तीन क्षण. मग तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि हुंदका दिला. तो हुंदका शर्टाला लावलेल्या बारक्या माइकमधून आठशे जणांनी ऐकला.

"मंडळी," तो म्हणाला, "ऐकलंत? मी स्वर्गाकडे बघत राहिलो आणि देव माझ्या घरात होता! काकांचं बोट चुकलं नव्हतं! तुमच्या घरात वरच्या मजल्यावर कोण आहे? आज कोणाकडे बोट दाखवाल?"

लोक उभे राहिले. टाळ्या, रडणं, 'हालेलुया'. पुढच्या रांगेतला सूटवाला माणूस रुमालात तोंड लपवून रडत होता. बाजूच्या टेबलांपाशी पुढच्या शिबिराचे अर्ज भरायला रांग लागली, आणि मॅनेजरबाई जास्तीच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन धावत गेली. एक बाई स्टेजवर आली आणि तिने ताईच्या खांद्याला हात लावून तोच हात आपल्या कपाळाला लावला.

खोलीत परत आल्यावर ती खुर्चीच्या कडेला बसली. भाऊ आरशासमोर कापसाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होता.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून. मला वाटायचं, कळलं तर तुझा विश्वास..." तिला पुढचा शब्द सापडेना. "रोज वाटायचं रे. आणि आज लोकांसमोर बोलून बसले. तुला आधी एकट्याला सांगायला हवं होतं."

भावाने कापूस बदलला. "ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"तू भरलेस ते. काकांनी बोट वर केलं, मग तोंडातले स्क्रू काढले आणि म्हणाले, वरच्या तुझ्या बहिणीने. त्याच वेळी."

बाहेर खुर्च्या घड्या करून रचत होते. लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"त्याच वेळी," ती म्हणाली.

"हो. पण ते सांगितलं तर साक्ष कसली होणार? नुसता चष्मा होतो."

"मग त्या संध्याकाळी... तू गुडघे टेकलेस ते?"

तो हसला. लहानपणच्या खोड्या आठवून माणूस हसतो, तसं प्रेमाने. "तू दारात होतीस ना. तुझा चेहरा काय झाला होता! मी प्रार्थना सोडली म्हणून तू किती रडायचीस. म्हटलं, हिला तेवढंच बरं वाटेल." त्याने कानामागचा रंग पुसला. "शिवाय पावसाळ्याआधी मला बूट हवे होते."

बूट तिने घेतले होते. पुढच्याच महिन्यात, तपकिरी, लेस असलेले. मग सहलीचे पैसे. मग शिकवणी, मग कॉलेज. प्रत्येक वेळी तो आधी गुडघे टेकायचा आणि प्रत्येक वेळी ती दारात असायची.

उजव्या हाताची बोटं ती डाव्या हाताने एकेक करून सरळ करत राहिली.

"पण आज तू जे केलंस ना," भाऊ खुर्ची वळवून तिच्यासमोर बसला, "त्याला तोड नाही. मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, असं सभागृह कधी उठलं नव्हतं. विचार हिला."

मॅनेजरबाई आत आली होती. "दोनशे चौदा अर्ज," ती म्हणाली. "नेहमी साठ-सत्तर होतात."

"बघ! पुढच्या शनिवारी दुसरा कार्यक्रम आहे. मग महिनाभर दर शनिवारी. तू अशीच यायचं. मी आधी माझं सांगणार, मग तू 'पण' म्हणायचं. तो 'पण' फार सुंदर आला, ताई. तिथे जरा थांबत जा. आणि तुझ्या हाताचं ऑपरेशनही आपण..."

"तू प्रार्थना करतोस का रे?" तिने विचारलं.

"रोज. पाच वाजता उठून. का?"

"काही नाही."

ती उठली. टेबलावरची पर्स उचलून तिने खांद्याला लावली. दोघांनाही वाटलं, निघाली. पण ती दाराकडे गेली नाही. मॅनेजरबाईसमोर जाऊन तिच्या उघड्या वहीकडे बघत उभी राहिली.

"माझे किती?" ती म्हणाली.

"अगं, ऑपरेशनचं मी म्हटलंय ना," भाऊ म्हणाला.

"ऑपरेशन भाऊ म्हणून कर. शनिवारचं विचारतेय."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आयुष्यात पहिल्यांदा बहीण आपल्याला कळली, असं वाटून आलेलं हसू. त्याने एक आकडा सांगितला. लाँड्रीत तेवढ्यासाठी तिला अकरा दिवस उभं राहावं लागे.

"हे बोलायचे झाले," ती म्हणाली. "रडायचे वेगळे."

भाऊ खदखदून हसला. मॅनेजरबाई हसली नाही. तिने गळ्यातलं पेन काढलं आणि लिहून घेतलं.