कारणाचा रकाना

सुरतेतल्या आपल्या खानदेशी माणसांत एक रीत आहे, तुम्हीही पाहिली असेल. मुलगी चौदा-पंधराची झाली की तिला 'एक वरीस' गावी धाडायची. सुरतेत वाढलेली पोर उन्हात निंदणीला टिकत नाही, चुलीवरची भाकरी तिला जमत नाही, मग सोयरीक कशी जमणार? म्हणून आजीकडे नाहीतर आत्याकडे ठेवून तिला वळण लावायचं. ते एक वरीस कधी संपतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

वाल्मिक पाटीलनेही विचारलं नव्हतं. वाल्मिक सुरतेबाहेरच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, डिंडोलीत राहायचा, पण रोजच्या जाण्यायेण्याने जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कारखान्याच्या पलीकडच्या खेड्यात खोली घेतली. बायको रंजना घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. एकुलती एक मयुरी तिथल्याच सरकारी हायस्कुलात जायची, आता दहावीत होती. माणूस तसा सरळ. बिडी नाही, बाटली नाही, मुलीवर हात उचललेला नाही. अशा सरळ माणसांच्या हातूनच घोटाळे होतात, कारण त्यांना अडवायला कुणी येत नाही.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळे गावी गेले होते. तिथे थोरल्या बहिणीने, उषाबाईने, विषय काढला. "भाऊ, पोर मोठी व्हयनी. तिले एक वरीस मनाजोडे ठेव. स्थळ मी दखेल शे."

बहीण पोरीला जवळ ठेवून घेते, स्थळही पाहून ठेवलंय म्हणते, म्हणून वाल्मिकने होकाराची मान हलवली.  मयुरीने एवढंच विचारलं, "आबा, मनी दहावी?" तिकडे कर, असं तो म्हणाला. नववीपर्यंत गुजरातीत विज्ञान शिकलेली मुलगी मध्येच मराठीत दहावी कशी करणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला सगळ्या शाळा सारख्याच वाटतात.

गाडीची तिकिटं काढून झाली. मग एके दिवशी वाल्मिक पहाटेच कामावर गेला, दुपारी अर्धी सुट्टी टाकली आणि दाखला काढायला थेट हायस्कुलात आला. मुलगी इथे शिकायला लागल्यापासून फाटकाच्या आत त्याचा पाय पहिल्यांदाच पडत होता. दोन बाजूंना उसाची शेतं, मध्ये लांबलचक पिवळी इमारत, आणि तासाची घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर नववीतली एक मुलगी लोखंडी दांडा हाणत होती, तीही चक्क साडी नेसून.

वाल्मिक चक्रावला. पाहतो तर वर्गावर्गात पोरंच शिकवत होती. एक जण फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होता आणि मागे बसलेली पोरं गुपचूप लिहून घेत होती. कार्यालयात कारकुनाच्या टेबलाशीही दहावीतलीच एक मुलगी. खरे कारकूनभाई शेजारी स्टुलावर सुपारी कातरत बसले होते.

"आज शिक्षकदिन छे, भाई," ते हसून म्हणाले. "आज राज छोकरांचं. पण आमच्याकडे नाटक नाही चालत हं. येईल तो कागद आधी आजच्या आचार्यांपुढे जाणार. मोठ्या बेनची सही संध्याकाळी."

त्या मुलीने दाखल्याचा अर्ज काढला आणि एकेक रकाना विचारून भरला. शाळा सोडण्याच्या कारणाशी येऊन थांबली. तो रकाना आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या समोर भरायचा, असा बेनचा नियम असल्याचं तिने सांगितलं, आणि अर्ज त्याच्या हातात देऊन ओसरीवर थांबायला सांगितलं.

ओसरीच्या बाकावर चष्मा लावलेल्या एक बाई निवांत बसल्या होत्या. याच त्या मोठ्या बेन, जशुबेन. बावीस वर्षं याच शाळेत, त्यातली नऊ आचार्य म्हणून. त्यांनी वाल्मिकच्या हातातला कागद वाचला आणि गुजरातीत विचारलं, "मयुरीचे वडील तुम्ही? का नेताय तिला?"

इतक्या वर्षांत वाल्मिकला गुजराती चांगलं कळत होतं. त्याने सांगितलं ते खरं सांगितलं. मुलीला गावचं वळण लागलं पाहिजे, एक वर्षाचा तर प्रश्न आहे.

"भाकरी महिनाभरात शिकता येते, भाई. निंदणी आठ दिवसांत. दहावी मात्र मध्येच मोडली की जुळत नाही." जशुबेन शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या डिंडोलीची सुषमा होती इथे. मामाकडे राहून शिकत होती. धावण्यात तालुक्यात पहिली. तीही एका वर्षासाठीच गेली. आठवते?"

वाल्मिकला आठवत होती. सतरा वर्षांच्या त्या मुलीच्या लग्नाची पंगत त्यानेही खाल्ली होती, वर दोन जिलब्या मागून घेतल्या होत्या.  तरी तो चिवटपणे म्हणाला, "बेन, तुमचं बरोबर असेल. पण समाजात राहायचं तर समाजाचं ऐकावं लागतं."

"समाज म्हणजे कोण? सुषमाच्या पंगतीला बसलेले सगळे ना? तुम्हीही त्यातलेच. मग समाजाने काय ऐकायचं ते तुम्ही सांगा की." जशुबेननी अर्ज परत दिला. "मी तुम्हाला अडवणार नाही. मुलगी तुमची आहे. नंबर येईपर्यंत तेवढं दारातून आत बघत बसा."

वाल्मिकने आत पाहिलं आणि तो बघतच राहिला. मोठ्या टेबलामागे, भिंतीवरच्या नकाशाखाली, रंजनाची जांभळी साडी नेसून मयुरी बसली होती. पहाटे तो कामावर गेला तेव्हा ती झोपलेली होती. त्याच्यापाशी तिने आपण आज आचार्य होणार म्हणून चकार शब्द काढला नव्हता. काढणार तरी कशाला? तिकिटं तर आधीच आली होती.

टेबलासमोर गावचा एक शेतकरी तावातावाने बोलत होता. शाळेची पोरं ऊस मोडून खातात, असं त्याचं म्हणणं. मयुरीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग अस्सल गावच्या गुजरातीत म्हणाली, "काका, चूक आमची. उद्या प्रार्थनेत नावं विचारते आणि ज्यांनी मोडला ते रविवारी तुमच्या बांधावर कामाला येतील. चालेल?" शेतकरी आला होता भांडायला, आणि गेला तो 'चालेल, बेटा' म्हणत.

मग पाण्याच्या टाकीचा मोटारवाला आला, त्याच्याशी हिंदी. कुणाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, त्याला पट्टी. वाल्मिकच्या घरात ही मुलगी खाली मान घालून टिकल्या चिकटवायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. एवढं सगळं हिच्यात कधी आलं? कुणी घातलं? 

शेवटी एक बाई आली. डोक्यावर पदर, पायांना सिमेंट, मागे लपणारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी. वत्सला नाव, यवतमाळकडची, जवळच्या बांधकामावर कामाला. साडीतल्या मयुरीला खरीच बाई समजून तिने हात जोडले. "बाई, माह्या पोरीले घ्या न शाळेत. तीन ठिकानं झाले. काम संपते, आमी निंगतो, अन् जुना दाखला नाही म्हनून नव्या शाळेत कोनी बसवत नाही."

मयुरी चटकन खुर्चीतून उठली. त्या बाईला आधी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मुलीला विचारलं, "आठवी झाली का?" मुलीने 'हो' म्हणून मान हलवली. मयुरीने दारात येऊन उभ्या राहिलेल्या कारकूनभाईंकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला. "दाखला आम्ही पत्र लिहून मागवू, मावशी. तोवर ही उद्यापासून नववीत बसेल, गुजराती आमच्या मुली शिकवतील. एका कागदासाठी मुलीला घरी नाही बसवायचं." वत्सला तोंडाला पदर लावून रडायला लागली.

वाल्मिकच्या हातात कागदच होता. तो त्याला आता जड वाटू लागला. ही बाई तीन गावं फिरून पोरीला शाळेत घालायला धडपडतेय, आणि आपण चालत्या शाळेतून पोर उचलायला अर्धी सुट्टी टाकून आलोय.

"पुढचं कोण आहे?" आतून आवाज आला.

वाल्मिक आत गेला. मयुरीने त्याला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. तिने अर्ज घेतला, वर आपलंच नाव वाचलं. तिचे कान लाल झाले, पण आवाज तिने हलू दिला नाही.

"बसा. कारण लिहिलेलं नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"तू लिहशी?"

"आज मलेच लिहनं पडी, आबा."

तिने पेन उघडलं आणि कारणाच्या रकान्यावर टेकवलं. ती रडली नाही, तिने हात जोडले नाहीत. वडील जे सांगतील ते खरोखर लिहायला ती तयार होती. वाल्मिकला वाटलं, हिने एकदा तरी 'नको आबा' म्हणावं, म्हणजे आपल्याला रागावता येईल. मुलीला वळण नाही, हे वाक्य तो मनात घोळवत आला होता. आता ते तिच्यापुढे, या टेबलावर, मोठ्याने म्हणायचं होतं. लोकांचं ऐकून घेणारी, गरिबाला आधी बसवणारी, तीन भाषांत तीन माणसांची समजूत काढणारी ही मुलगी. हिला वळण नाही? अरेरे, काय लिहायला सांगणार होतो मी!

पेन तसंच टेकलेलं राहिलं. रकान्यात शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"कारण नही शे," वाल्मिक हळूच म्हणाला.

"कारणाशिवाय दाखला निघत नाही." मयुरीचा आवाज आता कापला. "आणि अर्ज फाडायचा अधिकार मला नाही. तो ज्याचा त्यानेच मागे घ्यायचा असतो."

वाल्मिकने तिच्या हातातून पेन घेतलं. सहावीनंतर सह्यांपलीकडे त्याने काही लिहिलं नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याने अर्जावर आडवं लिहिलं, 'अर्ज मागे घेतो. मुलगी इथेच शिकेल.' खाली सही केली. मयुरीने ते वाचलं, शिक्का मारला, आणि मगच टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. कारकूनभाईंनी सुपारीची डबी बंद केली आणि बाहेर थांबलेल्यांना दहा मिनिटांनी यायला सांगितलं.

ओसरीवर येऊन वाल्मिकने जशुबेनना नुसता नमस्कार केला.  मग तिथेच उभ्याउभ्या उषाबाईला फोन लावला. "आक्का, मयुरीले मी नही धाडनार."

"आते स्थळवालासले काय सांगू मी?" उषाबाई चिडली. "पोर कोठे शे म्हनी इचारतीन ना त्या."

"सांग, पोर शाळामा शे."

मंडळी, वाल्मिकचा निकाल एका अर्जाने लागला, कारण त्याला तो मुलीच्या डोळ्यांदेखत भरावा लागला. आपण हे निर्णय कानबाईच्या पंगतीत, फोनवर, मुलगी पाणी भरायला गेलेली असताना घेतो. तुमच्या घरी मुलीची शाळा सोडवायचा विषय निघाला, तर एवढंच करा. तिला समोर बसवा, तिच्याच हातात पेन द्या आणि आपलं कारण मोठ्याने सांगा. तिच्या तोंडावर सांगता आलं नाही, तर ते कारण नाही, नुसती रीत आहे. आणि रीत मोडायला कुणाची परवानगी लागत नाही.