उशीतली आगीनगाडी

मी एक जुनी आगीनगाडी आहे, पण मित्रांनो, आग मी जन्मात कधी पाहिलेली नाही. मी विजेवर चालते आणि लांबीने वीतभर आहे. खेळण्यातली म्हणा, मला राग नाही. मला राग येतो तो 'शोपीस' म्हटल्याचा. माझ्या पोटात मोटर आहे, चाकांना दांडे आहेत, रुळावर ठेवून खटका फिरवला की मी पळते. म्हणजे पळायला हवे होते. पण माझे बहुतेक आयुष्य जागच्या जागी गेले, आणि ते का गेले तेच आज सांगायला बसले आहे. ऐकायचे तर नीट ऐका. मधेच "कितीला पडली?" असे मात्र विचारू नका. तो प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने भिंगाखाली माझे इवलेसे दांडे बसवले, तर दुसरीने केसासारख्या बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर सोनेरी रेघ ओढली. माझ्यासारख्या मोजक्याच गाड्या त्यांनी काढल्या. जास्त काढल्या असत्या तर जास्त लोकांनी खेळल्या असत्या, पण मग भाव उतरला असता. हा हिशेब करणाऱ्याला मी अजून माफ केलेले नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतले सांगलीच्या विश्वजीतरावांनी. विश्रामबागेत त्यांचा बंगला, आणि बंगल्यात काचेची कपाटे. त्यांत माझ्यासारख्या कितीतरी गाड्या ओळीने उभ्या. माणूस वाईट नव्हता. आम्हाला हात लावायचा झाला तर पांढरे हातमोजे घालायचा. पण पाहुणे आले की आधी आमची किंमत सांगायचा आणि मग नाव. पाहुणे "बापरे!" म्हणायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. अहो, एकदा पळवून तरी दाखवा, असे एकानेही म्हटले नाही. कारण गाडी चालवली की चाकांना ओरखडे येतात, आणि ओरखडे आले की किंमत पडते. माझे मूळ खोकेसुद्धा त्यांनी कपाटावर जपून ठेवले होते. खोके नसेल तर मी निम्म्या किमतीची, असे ते सांगत. म्हणजे बघा, निम्मी मी आणि निम्मा पुठ्ठा! असा अपमान तुमच्यापैकी कुणी सोसला असता का?

एकदा त्यांच्याकडे गाद्या पोचवायला आष्ट्याचे रहिमान नदाफ आणि त्यांची बायको अकिला आली. कापूस पिंजायचा आणि गाद्या-उशा शिवायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. रहिमान पलंगावर गादी घालत होता आणि अकिला आमच्या कपाटापुढे खिळून उभी होती. पन्नाशीची बाई, केसांत कापसाची तूस, कमरेला सुईदोरा. तिने काचेला जवळजवळ नाकच लावले.

"सायेब, ही पळती का?"

"पळते ना. पण मी पळवत नाही."

"मग करता काय हिचं?"

विश्वजीतराव नुसते हसले. मला मात्र त्या बाईला घट्ट मिठी मारावीशी वाटली. हात नसल्यामुळे ते राहून गेले.

"इकायची झाली तर मला सांगा," असे बजावून अकिला गेली. पुढे विश्वजीतरावांना माझ्याहून महागडी गाडी मिळाली, कपाटात जागा हवी झाली, आणि त्यांना ती बाई आठवली. मी एका दुभत्या म्हशीच्या किमतीला गेले. अकिलाने आपल्या सुईच्या कमाईतून साठवलेले सगळे देऊन मला घेतले. रूळ, खटका आणि ते भाग्यवान खोके, असे सगळे एका पोत्यात घालून मी आष्ट्याला आले.

हौसेला मोल नसते, असे लोक म्हणतात. साफ खोटे! हौसेला मोल असते, आणि ते कुणी मोजावे आणि कुणी मोजू नये, हेही लोकांनीच ठरवून ठेवलेले असते. विश्वजीतरावांनी मला घेतले तर तो छंद. अकिलाने घेतले तर ते खूळ. रहिमानची थोरली बहीण फिरदोस आपा गल्लीतच राहायची. ती दुसऱ्याच दिवशी कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"म्हशीचं पैसं ह्या गाडीत घातलंस व्हय गं? म्हस दूध तरी देती. ही काय देती?"

अकिलाने मान खाली घातली. रहिमान भला माणूस, पण बहिणीपुढे त्याची बोबडी वळायची. तो घाईघाईने म्हणाला, "आपा, ही गुंतवणूक हाय. चार वर्सांनी दुपटीनं जाईल."

आपा आल्या पावली परतली खरी, पण त्या एका वाक्याने माझा घात केला. गुंतवणूक म्हटल्यावर चालवायची कशी? रहिमानने बायकोला निक्षून सांगितले, "आता रुळाबिळाचं नाव काढू नगंस. एक चरा पडला तर आपा माझी सालटी काढंल." आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले, दुसरे काय!

अकिलाला चैन पडेना. मग तिने एक तोड काढली. दुपारी दुकानात कुणी नसले की ती मला उशीवर उलटी निजवायची आणि खटक्याच्या दोन तारा चाकांना लावायची. माझी चाके हवेतच गरगर फिरू लागायची, दांडे वरखाली नाचायचे, आणि ती बाई तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसायची. रुळाला चाक लागत नव्हते, म्हणून ओरखड्याची भीती नव्हती. पाय वर करून पळणारी आगीनगाडी तुम्ही कधी पाहिली आहे? ती मी. तिच्या हसण्यासाठी मी पळत होते, पण एक बोटभरही पुढे जात नव्हते, आणि मनातल्या मनात जळत होते.

आपा वेळीअवेळी टपकायची. म्हणून अकिलाने मला लपवायचे ठरवले, आणि पिंजाऱ्याच्या घरात जे सुचेल तेच तिला सुचले. काचेची बरणी असो की घड्याळ, जपायचे ते कापसात. तिने लाल फुलांची एक खोळ घेतली, मला कापसाच्या मधोमध ठेवले, तोंडाला टाके घातले आणि ती उशी माळ्यावर टाकली. "दोन दिस ऱ्हा गं बाय, मग काढते," असे ती मला म्हणाली.

त्याच दोन दिवसांत कवठे महांकाळच्या कृष्णात पाटलांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर होती. अकिला बाजाराला गेलेली असताना टेम्पो दारात आला. रहिमान सामान चढवू लागला तर एक उशी कमी पडली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, लग्नघरातून फोनवर फोन येताहेत, आणि माळ्यावर तयार उशी दिसली. हाताला जड लागली, तर "लय दाबून भरलीया बायकोनं," असे म्हणून त्याने कौतुकच केले. मी शिट्टी मारली असती, पण माझी शिट्टी नुसती शोभेची.

लग्नघरी हळदीची गडबड चालली होती. मांडवात डॉल्बीचा दणदणाट. कृष्णातची म्हातारी आई बनुबाई जरा पाठ टेकावी म्हणून आतल्या खोलीत आली. नव्या गादीवर पसरली, लाल फुलांच्या उशीवर डोके आपटले, आणि माझे धुराडे बरोबर तिच्या कानामागे लागले.

"आई आई गं! आरं कृष्णाता, धाव रं! नदाफानं उशीत दगूड घातलाय! कापसाच्या भावानं दगडं इकतंय हे बेनं!"

मित्रांनो, पिंजाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. गादीच्या आत काय भरले आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते नदाफाच्या शब्दावर झोपते. हा बोल एकदा गावात पसरला की धंदा बसलाच समजा. बघता बघता पाहुणे गोळा झाले. उशी मांडवात आली. "सगळ्या गाद्या फाडून बघा की," असा सल्लाही कुणीतरी दिला. फुकट सल्ला द्यायला लोकांचे काय जाते! कृष्णातने चाकू मागवला.

इकडे अकिला बाजारातून आली होती. माळा रिकामा बघून तिच्या पायाखालची जमीन सरकली. रहिमानला फटफटीवर बसवून ती तशीच निघाली. वाटेत त्याने तिला पढवले, 'नातवाचं खेळणं चुकून शिवलं गेलं म्हणू, म्हणजे हसं व्हायाचं न्हाई.' हे सगळे मला पुढे अकिलानेच सांगितले. चाकू खोळीला लागणार तेवढ्यात दोघे मांडवात शिरले.

"रहिमानभाई, उशीत काय भरलंय?" कृष्णातने दरडावून विचारले.

रहिमानने हात जोडले. "चूक झाली, दादा. नातवाचं खेळणं ऱ्हायलं आत."

अकिलाने पुढे होऊन उशी घेतली, दातांनी टाके उसवले आणि मला सगळ्यांसमोर बाहेर काढले. माझ्या अंगभर कापूस चिकटला होता. धुराडे एका बाजूला वाकले होते आणि टेम्पोतल्या आदळआपटीत सोनेरी रेघेवर लांबलचक चरा गेला होता. तिने माझ्याकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले.

"नातवाचं न्हाई," ती म्हणाली. "माझं हाय."

मांडवात हशा पिकला. "ह्या वयात आगीनगाडी खेळता व्हय, चाची?" कुणीतरी मागून ओरडले.

"खेळते की! म्हशीच्या किमतीला घेतलीया, माझ्या कमाईची. लोकं हसत्याल म्हणून दडवली, तीच माझी चूक. आजीला लागलं, त्यांची मी माफी मागते. नवी उशी तुमच्या डोळ्यांदेखत भरून देते. आन् बाकीच्या गाद्या फाडायच्या असल्या तर खुशाल फाडा. कापूस खोटा निघाला तर धंदा सोडीन, न्हाई निघाला तर हितंच बसून परत शिवून देईन."

कृष्णात जरा वरमला. पण डोक्यातला प्रश्न काही जाईना. "आवं पर एवढं पैसं घातलं, तिचा उपेग काय?"

"दादा, तुमच्या मांडवात कालधरनं डॉल्बी वाजतोय. त्याचा काय उपेग हाय?"

रहिमानच्या तोंडचे पाणी पळाले. मला वाटले, आता ही बाई भरल्या मांडवातून हाकलली जाणार. तेवढ्यात बनुबाईच कान चोळत खो खो हसायला लागली.

"खरं हाय गं बाय तुजं! उपेग कायबी न्हाई, नुसतं कानठाळ्या बसल्यात माज्या. कृष्णाता, ठेव तो चाकू. लबाड माणूस असं तोंडावर बोलत न्हाई. आन् गाद्यांस्नी हात लावू नगा कुणी."

मित्रांनो, त्या दिवशी कृष्णातच्या सगळ्या पाहुण्यांनी मला हातात घेऊन पाहिले. हातमोजे कुणीच घातले नव्हते. बोटांना हळद लागलेली होती. मला फार बरे वाटले.

घरी आल्यावर रहिमानने एक शेवटचा प्रयत्न केला. माझा फोटो विश्वजीतरावांना पाठवला आणि परत घेता का म्हणून फोन लावला. ते हळहळले. "धुराडं वाकलं, रेघ गेली. आता ती संग्रहात ठेवण्यासारखी राहिली नाही हो."

रहिमानचे तोंड एवढेसे झाले. अकिलाने त्याच्या हातून फोन घेतला. "मग सायेब, आता ती कशाची ऱ्हायली?"

"आता काय, खेळायची."

"बेस झालं!" ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भरदिवसा, दुकानाचे दार सताड उघडे टाकून, तिने रस्त्यालगतच्या फरशीवर रूळ जोडले. मला वर ठेवले. खटका फिरवला. मी गुरगुरले आणि थांबले. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. "मेली वाटतं," रहिमान पुटपुटला. मी घाबरले, खोटे कशाला सांगू? इतकी वर्षे पळायला मिळावे म्हणून तडफडले, आणि मिळाले तेव्हा पाय उचलत नव्हते. अकिलाने मला उचलले, उजेडात धरले आणि सुईच्या टोकाने माझ्या चाकांत अडकलेली तूस धागाधागा करून ओढून काढली. तेलाचा एक थेंब सोडला. आणि खटका फिरवला.

मी निघाले! वाकडे धुराडे घेऊन, चरा पडलेले अंग घेऊन निघाले! चाकाखाली रूळ खडखडला, पुढे वळण आले, ते मी घेतले, आणि पुन्हा सरळ धावले. ओरखडे पडत असतील तर पडोत. चाकाला ओरखडा नसणे यात कसला आला आहे मोठेपणा? नवी चप्पल पायात घातलीच नाही तर ती झिजणार कशी? रस्त्यावरची माणसे थांबली. रहिमान आधी अवघडून उभा होता, मग खाली बसला, मग हळूच म्हणाला, "एकदा मला दे की खटका."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी महागाची वस्तू कपाटात बसून असेल. तिला जपा, धूळ झटका, तेल घाला, मोडली तर दुरुस्त करा. पण तिला तिचे काम करू द्या. वापरून झिजलेली वस्तू मला कधी रडताना भेटलेली नाही. न वापरलेल्या कितीतरी भेटल्या आहेत, त्या सांगलीच्या कपाटात अजून उभ्या आहेत.

मी असे फेऱ्यावर फेरे घेत होते, तोच फिरदोस आपा तरातरा आत आली आणि थेट मध्येच उभी राहिली.

"किंमत तर गेली, आता हिच्यापासनं काय मिळणार हाय गं तुला?"

पूर्वी मान खाली घालणारी अकिला या खेपेला रुळावरून नजरही हलवत नव्हती.

"कायबी न्हाई, आपा. जरा सरका. तुमचा पाय रुळावर हाय."

आपाने खाली पाहिले. मी तिच्या टाचेकडे दणादण येत होते, थांबायचा माझा मुळीच विचार नव्हता. आपाने पाय उचलला, मित्रांनो. तुम्हीही तेवढा उचला.