मागच्या रांगेतून प्रश्न

आनंदानेही झोप उडते, हे सुनेला त्या दिवशी कळलं. ती शिलाई मशीनच्या दुकानात नोकरी करायची. मशीन विकत घेणाऱ्या बायकांना ते चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. दुकानातली फिरतीवर जाणारी बाई लग्न करून दूरगावी गेली, तेव्हा साहेबांनी हिला बोलावलं. "आठवडाभर जाल का? मोठं शहर आहे. रोज वेगळ्या दुकानात नवं मशीन चालवून दाखवायचं. जमलं, तर फिरतीची नोकरी तुमचीच."

आता सुना बॅग भरून निघतात आणि गाडीत बसल्यावर घरी कळवतात. तेव्हा घरची बाई कामासाठी एकटी परगावी निघाली म्हटलं, की शेजारच्या खिडक्या उघडायच्या.

नवरा म्हणाला, "माझी ना नाही. पण आईला विचार." सासऱ्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. सासूबाई भांडी पुसत होत्या. हातातलं पातेलं पालथं घालून त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर. बघते कसलं काम आहे ते. मग पुढचं ठरवू."

म्हणजे परीक्षा दोन. एक मशीनची, एक सासूबाईंची. पहिलीची तिला मुळीच धास्ती नव्हती.

तिने मनाशी बेत आखला. सकाळी दुकान, दुपारी शहर बघायचं, संध्याकाळी बाहेर जेवायचं. सासूबाईंना इतकं फिरवायचं, इतकं खाऊ घालायचं, की त्यांच्या तोंडून नकार निघताच कामा नये. हॉटेलात पोचल्या पोचल्या तिने खिडकी उघडली. खाली ट्राम घंटा वाजवत चालली होती, समोरच्या इमारतीवर रंगीत दिवे लागत होते. तिला तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या. सासूबाई मात्र पलंगपोसाची दुमड उलटून बघत होत्या.

"टीप वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जी पळापळ सुरू झाली ती विचारू नका. सकाळी दुकानात एक खटका फिरवला की नागमोडी टाका, दुसरा फिरवला की बघता बघता काज. दुपारी दोरे झटकत ती हॉटेलवर धावायची. सासूबाई चपला घालून तयारच.

संग्रहालयात छताला देवमाशाचा सांगाडा टांगला होता. सून तोंडाचा आ करून बघत राहिली. सासूबाईंनीही मान वर केली. "एवढी हाडं पुसतं कोण?" त्यांनी पहारेकऱ्यालाच विचारलं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी त्या पहिल्याच पायरीवर थांबल्या. "वेळ खालूनही दिसते की." तळ्यातल्या नावेत मात्र अंगावर पाणी उडालं तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. नावेची कड घट्ट धरून समोर बघत होत्या.

"आवडलं का, आई?"

"बघू."

सगळ्याला तेच उत्तर. पांढऱ्या हातमोजेवाल्या वेटरने सूप आणून ठेवलं. सासूबाईंनी ते चमच्याने ढवळून पाहिलं. "भाज्या आत ठेवून घेतल्या आणि नुसतं पाणी पाठवलंय." पण वाटी रिकामी केली त्यांनी. सुनेचा जीव आपला टांगणीला.

आणि तिकडे पहिली परीक्षाही डळमळायला लागली. तिथल्या दुकानांचे जे वरिष्ठ साहेब होते, त्यांच्या गळ्याचा टाय कधी सैल होत नसे, म्हणून सुनेकडून ऐकूनच सासूबाईंनी त्यांचं नाव टायसाहेब ठेवलं होतं. ते सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हात सुरेख चालतो तुमचा. पण बायका सिनेमा बघितल्यासारखं बघतात आणि उठून जातात. शेवटच्या दिवशी मोठं सभागृह घेतलंय. तिथेही असंच झालं, तर मी वर काय सांगू?"

त्या संध्याकाळी झाडाखाली मांडलेल्या टेबलांवर जेवण होतं, कोपऱ्यात कुणी व्हायोलिन वाजवत होतं. एवढी मजा, आणि सून नुसता चमचा फिरवत बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणारी माणसं भात असा चिवडत नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. सासूबाई "हं" म्हणाल्या आणि तिच्या ताटातला बटाटा आपल्या ताटात घेतला.

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं. सासूबाई सर्वांत मागच्या रांगेत जाऊन बसल्या. सुनेने काज करून दाखवलं, बटण लावून दाखवलं, नागमोडी टाक्याने फुलांची वेल काढली.

"कुणाला काही विचारायचंय?"

एक हात वर होईल तर शपथ. टायसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अहो बाई!" मागून खणखणीत आवाज आला. "मला विचारायचंय."

सुनेने चमकून वर पाहिलं. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, आणि ओळखदेख नसल्यासारख्या तिच्याकडे बघत होत्या.

"माझ्या मशीनवर वरून टीप झकास दिसते, आणि कापड उलटलं की खाली दोऱ्याचं जंजाळ! कित्येक वर्षं झाली. मशीनच खोटं, दुसरं काय?"

त्या जंजाळाशी सुनेची जुनी ओळख होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते बघत होती. कारणही तिला ठाऊक होतं. पण सासूच्या घरात, सासूच्या मशीनवर, सासूला शिकवायचं? जीभ रेटली नव्हती. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या, की ती गुपचूप टीप उसवून पुन्हा घालून ठेवायची.

तिने मशीनवर हात ठेवला. "काकू, दोरा ओवताना मशीनचा पाय खाली असतो का?"

"म्हणजे काय! पाय वर करून कोण बसतं?"

सभागृहात हशा पिकला.

"तुमचा नाही हो, कापड दाबून धरतो तो पाय. तो आधी वर उचला आणि मग दोरा ओवा. खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या वरच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात बसत नाही, सैल सुटतो आणि खाली गुंततो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही मला?"

सुनेचे कान तापले. पण आता मागे सरायचं नव्हतं. "तुम्ही विचारलं नाहीत, काकू."

"आता विचारलं ना! सरका, मी घालून बघते."

त्या तरातरा मंचावर आल्या, पाय उचलला, दोरा ओवला, टीप घातली आणि कापड उलटून सगळ्यांसमोर धरलं. खालची टीप वरच्यासारखीच स्वच्छ. टाळ्या पडल्या. मग काय विचारता! चष्मेवाली एक उठली, "माझी सुई सारखी मोडते हो." दुसरी म्हणाली, "माझं मशीन कापड गोळाच करतं." खुर्च्या सोडून बायका मंचाभोवती गोळा झाल्या. सुनेला घोटभर पाणी प्यायला फुरसत मिळेना. कुणाचा पट्टा, कुणाचं तेल, कुणाची बॉबिन. तोंड चालत होतं, हात चालत होते, आणि तिला वाटत होतं की हे संपूच नये. टायसाहेबांनी चक्क टाय सैल केला.

संध्याकाळी त्यांनी दोघींना उंच इमारतीच्या गच्चीवरच्या हॉटेलात नेलं. खाली सगळं शहर लखलखत होतं. टायसाहेब सासूबाईंना म्हणाले, "आजी, कमाल केलीत. मी तर तुम्हाला गिऱ्हाईकच समजलो."

"गिऱ्हाईकच होते मी. मला खरंच माहीत नव्हतं ते." मग सुनेकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "दुपारी माझी टीप आपोआप सरळ व्हायची, ते कळत नव्हतं का मला? म्हटलं, ही आज सांगेल, उद्या सांगेल. शेवटी तिकीट काढून एवढ्या लांब यावं लागलं."

सुनेला हसावं की रडावं कळेना.

"बरं," टायसाहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसरा दौरा आहे. बाई, येणार ना?"

"घरी विचारून सांगते," सून सवयीने म्हणाली.

"घर इथेच बसलंय," सासूबाई म्हणाल्या. "विचार."

"आई, जाऊ मी?"

"जा. पण मी नाही हं येणार. फिरून फिरून पायात गोळे आलेत माझ्या. आणि मी असले की तू माझ्याकडे बघत राहतेस, काम कधी करणार? एकटी जा. नीट जेव, चमचा फिरवत बसू नकोस. घरी काय सांगायचं ते मी बघते."

"येते!" सून टायसाहेबांना इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवली. डोळे पुसून ती हसायला लागली. कुठल्या शहरात जायचं, हे विचारायचंच राहून गेलं होतं.