मास्तरणीची टोपली

मी मासे मोजते. लोकांना वाटतं, मोजते म्हणजे एक, दोन, तीन. तसं नाही. फळीवर मासा आडवा ठेवायचा, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी लिहायची, मग डोकं चिरून कानातला खडा काढायचा. त्या खड्यावर वर्षाला एक कडं चढतं. कडी मोजली की वय कळतं. थोराड मासे भरपूर निघाले तर समुद्राचं बरं चाललंय, असं आमचं खातं धरून चालतं आणि पुढच्या वर्षी किती पकडायचे ते ठरवतं.

हे मासे मी अकरा वर्षं दर मंगळवारी माझ्या भावाच्या बोटीवरून घेतले. नियम सोपा आहे. जाळं रिकामं झालं की निवड व्हायच्या आधी, हाताला येईल ती टोपली उचलायची, आणि तीही वेगवेगळ्या बोटींवरून. पण बाकीच्या बोटवाल्यांकडे टोपली मागायची म्हणजे नाकदुऱ्या काढायच्या, आणि मी मुळातली आळशी. दादाची टोपली धक्क्यावर तयार असायची, वर ओलं पोतं टाकलेली. "या मास्तरीणबाई, काढा पट्टी," असं म्हणायचा.

मी निघाले की दर वेळी विचारायचा, "आहेत ना गं मासे?" मी आलेख आठवून सांगायची, "आहेत." धक्क्यावरच्या निम्म्या लोकांनी बोटी विकल्या, कोणी वॉचमन झाला, कोणी लेकीकडे राहायला गेला. वहिनीने विकायचा विषय काढला की दादा म्हणायचा, "माझी बहीण मोजते. तिला जास्त कळतं की शेजाऱ्यांना?"

यंदा खात्याचं जहाज स्वतः जाळं टाकून आलं. साहेबांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. "तुमच्या धक्क्यावरचा मासा आणि समुद्रातला मासा, यांची ओळखदेख नाही वाटतं," ते म्हणाले. साहेब विनोद करतात तेव्हा बातमी वाईट असते. जहाजाच्या जाळ्यात दोन कड्यांच्या वरचा मासा जवळजवळ नव्हताच. माझ्या टोपलीत पाच-पाच, सहा-सहा कड्यांचे.

मी तडक दादाच्या घरी गेले. तो दाराशी जाळं शिवत बसला होता. वहिनीने चहा पुढे केला. टोपली कशी भरता, मी विचारलं.

"कशी म्हणजे? तुझ्यासाठी हे स्वतः निवडतात," वहिनी म्हणाली. "आधी एका खेपेत भरायची. आता सहा दिवसांचे मोठे मासे बर्फात साठवतात, तेव्हा कुठे मंगळवारची टोपली होते. मी एक मागितला तर हात लावू दिला नाही."

दादा लाजून हसला. "बहिणीला काय बारीकसारीक देणार? ऑफिसात तुझी मान खाली जायला नको."

मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा कमी, माझा जास्त. बर्फातल्या माशाचे डोळे धुरकट होतात. ते मी कितीदा पाहिले होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. शिवता शिवता त्याचा हात थांबला.

"जाळं हलकं येतंय ते मला दिसत होतं," तो म्हणाला. "वाटायचं, मीच थकलो, मलाच सापडत नाहीत. तू म्हणायचीस ना, आहेत."

"तू जे दाखवलंस, तेच मी तुला सांगत होते, दादा."

चहावर साय धरली.

पुढच्या मंगळवारी टोपली धक्क्यावर होती. पोतं नव्हतं, निवड नव्हती. तळ जेमतेम झाकेल इतके मासे, बोटाएवढे. मी एकोणीस खडे काढले. एकावरही दुसरं कडं नव्हतं, आणि अंडी घालायला तीन लागतात. आता बंदी लागणार, आणि ती उठेपर्यंत दादा सत्तरी ओलांडेल, हे मला कोणी सांगायला नको होतं. उठलीच तर.

मी पट्टी पुसून पिशवीत टाकली. दादा पाठमोरा दोर गुंडाळत होता. निघताना सवयीने मी थांबले. त्याने काही विचारलं नाही.