वरचं निवळ

आनंदीबाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट त्या एकदा शिकल्या की तीच पुन्हा कुणी शिकवायला आलेलं त्यांना खपत नसे. पोलादपूरच्या वरच्या वाडीत त्यांची भाताची चांगली जमीन होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दीर कुशाबासकट सगळं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. एकोणीसशे सदतीस साली त्यांच्या सतरा वर्षांच्या लेकीला, आवडीला, मधुमेह निघाला आणि बाईंना चाळिशीच्या वयात सुई टोचायला शिकावं लागलं. त्या अशा शिकल्या की महाडच्या डॉक्टर गुप्त्यांचा कंपाउंडर म्हणाला, माझाही हात इतका हलका नाही.

त्या कंपाउंडरनं तेव्हाच एक बजावलं होतं, की इन्सुलिन पाण्यासारखं निवळ हवं, जरा गढूळ दिसलं की फेकून द्यायचं. बाईंनी ते मनात कोरून ठेवलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वर्षभर त्यांनी पोरीला निवळ औषध टोचलं. रात्री मात्र औषध पुरायचं नाही. आवडी पहाटेपर्यंत तहानेनं तळमळायची, दहादा उठायची.

पुढच्या पौषात डॉक्टरांनी मुंबईहून नवीन औषध मागवलं. दिवसातून एकदाच, सकाळी टोचायचं, ते रात्रभर पुरतं, असा निरोप, बाटली आणि चिठ्ठी घेऊन कुशाबा आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, वीस द्या. बाटलीच्या खोक्यात एक छापील कागद होता, पण तो इंग्रजी, आणि वाडीत इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं?

बाईंनी बाटली उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. औषध ताकासारखं पांढरं होतं.

"भावोजी, मोटारीत हिंदकळलंय हे," त्या म्हणाल्या. "निवळू दे रातभर."

नदीचं गढूळ पाणी निवळून वरचं तेवढं घ्यायचं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. औषध गार ठेवायच्या ओल्या वाळूच्या मडक्यात त्यांनी बाटली उभी ठेवली. सकाळी पांढरा गाळ तळाशी बसलेला, वर स्वच्छ पाणी. मग बाटली उलटी न करता त्यांनी सुई रबरी बुचातून हलकेच वरच्या पाण्यापुरती घातली आणि पिचकारीत वीस रेघा भरल्या. आपल्या हुशारीचं त्यांना मनातून कौतुकच वाटलं.

लघवी तपासायचं काम आवडीचं स्वतःचं. निळ्या औषधात थेंब टाकून नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर साखरच साखर. पाच दिवस रोज वीट. पोरीचे गाल बसले, ओठ सुकले. कुशाबा महाडला जाऊन आला, आणि आलेली चिठ्ठी नेहमीप्रमाणे आवडीनंच वाचली, कारण घरात चार इयत्ता झालेली ती एकटी.

"अठ्ठावीस द्या," तिनं वाचलं. मग ती क्षणभर थांबली, पण पुढचंही वाचलं. "मुलगी चोरून गोड खात असावी. लक्ष ठेवा."

"खातेस?" बाईंनी विचारलं.

"नाय गो आये."

बाईंनी तिच्या थोबाडीत दोन दिल्या. जी पोर स्वतःविरुद्धची ओळ गाळता येत असून वाचते ती खोटं कशाला बोलेल, एवढा साधा विचार त्या वेळी त्यांच्या डोक्यात आला नाही. त्यांनी गुळाची ढेप पेटीत घालून कुलूप लावलं. अठ्ठाविसानंही वीट, म्हणून चार दिवसांनी छत्तिसाची चिठ्ठी आली. आवडी आईशी बोलेनाशी झाली.

दहाव्या दिवशी बाटलीतलं पाणी इतकं उतरलं की सुई पोचेना. दुसरी बाटली शनिवारी यायची होती, आणि औषध चुकवायचं नाही हे तर बाईंना पक्कं ठाऊक. मन घेईना, तरी त्यांनी बाटली उलटी केली. तळाचा दाट गाळ बुचाशी उतरला, आणि त्यांनी त्याच्याच छत्तीस रेघा भरून टोचल्या.

संध्याकाळी नळी निळी राहिली. कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच.

"बघ," बाई म्हणाल्या, "कुलूप लावल्यावर अखेर निळी झालीच ना."

आवडीनं ताट सरकवलं. अर्धी भाकरी तशीच टाकून ती निजायला गेली.

मध्यरात्र उलटली असेल, बाईंना कण्हण्यानं जाग आली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आवडीची गोधडी घामानं चिंब. बाईंनी हाक मारली, गदागदा हलवलं. पोरीनं डोळे अर्धवट उघडले, काहीतरी असंबद्ध पुटपुटली आणि डोळे पुन्हा मिटले. साखर वाढली की माणूस बेशुद्ध होतं, आणि साखर फार उतरली तरी होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. उतरली असली तर घाम येतो. पण इतके दिवस वीट आणि एका दिवसात साखर संपली?

त्यांनी पेटी उघडली तेवढ्यात कुशाबा आला.

"वैनी, गूळ नका देव," तो म्हणाला. "डाक्तरनी लिवलंय ना? गोडानंच ती ही अशी झाली. पोरगी गेली तर तुमच्याच हातानं गेली म्हनतील."

"अन् नाय दिला नि गेली तर?"

चुकलं तर दुरुस्त करायला दुसरी आवडी नव्हती. पण गोधडीला हात लावला की पुन्हा तो गार घाम हाताला लागे. त्यांनी मनाशी म्हटलं, घाम खोटं बोलणार नाही. त्यांनी गूळ पाण्यात कालवला, पोरीला कुशीवर घेतलं आणि बोटानं तो तिच्या हिरड्यांना चोळू लागल्या. ठसका लागू नये म्हणून थेंबथेंब. कुशाबा कंदील धरून उभा होता आणि त्याच्याकडे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. आवडीनं गिळलं. मग पुन्हा गिळलं. मग डोळे उघडून ती म्हणाली, "आये, गोड हाय गो हे. मला नको, मारशील."

बाईंना रडू कोसळलं, पण रडायला सवड नव्हती. तासाभरात पोरीचे शब्द पुन्हा अडखळू लागले आणि घाम पुन्हा फुटला. रात्रभर पुरणारं औषध रात्रभर तिला खाली ओढत होतं. पहाटेपर्यंत चारदा गूळ, वर पेज, वर दूध. उजाडल्यावर गाडी जुंपून तिला पोलादपुरात आणलं आणि तिथून मोटारीनं महाड गाठलं.

डॉक्टरांनी आवडीला बाकावर निजवून तपासलं आणि हकिगत ऐकली.

"चूक माझी," ते म्हणाले. "छत्तीस फार झाले. हे औषध तिला सोसत नाही. बंद करू, पुन्हा जुनंच देऊ."

बाईंना वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी स्वतःवर घेतलं, आपण गप्प बसलो तर कुणाला काय कळणार? पण जुनं म्हणजे पुन्हा त्या तळमळत्या रात्री. त्यांनी कनवटीची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"मी वरचं निवळ घेत व्हते, डाक्तर. गाळ खाली ठिवून. काल गाळच भरला."

डॉक्टरांनी बाटली उचलून हातात हळूहळू फिरवली. उरलंसुरलं सगळं दाट पांढरं झालं.

"बाई, औषध म्हणजे हा गाळच. प्रत्येक वेळी असं फिरवून मिसळायचं. वरच्या पाण्यात किंचित उतरलं असेल, त्यावर ही दहा दिवस तगली." त्यांनी बाकाकडे पाहिलं. "हे मीच सांगायला हवं होतं. आणि आवडी, मी चिठ्ठीत भलतंच लिहिलं तुझ्याबद्दल."

"वाचलं व्हतं मी," आवडी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आईकडे तिनं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी नवी बाटली देऊन घरी पाठवलं. पुन्हा विसापासून सुरुवात, आणि रात्री निजण्याआधी पेलाभर दूध. सकाळी बाईंनी बाटली फिरवली, दहादा फिरवली, पण सुई बुचाशी नेताना हात असा कापायला लागला की टोक जागेवर ठरेना. वर्षभर ज्या हाताचं कौतुक झालं तो हा हात.

आवडीनं तो सगळा खेळ पाहिला. मग जवळ येऊन तिनं आईच्या हातातून बाटली घेतली आणि सुईही घेतली.

"आजपासून मी टोचून घेनार," ती म्हणाली. "तुला भरवसा नाय माझा, अन् मला तुझा नाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाई चुलीपाशी बसून पाहत राहिल्या. आवडीनं औषध भरलं, उजेडात धरून रेघा मोजल्या, आणि मांडी चिमटीत पकडून सुई आत घातली. पहिल्याच वेळेला तिचा चेहरा वेदनेनं वाकडा झाला. उठून हात धरावा असं बाईंच्या फार मनात आलं, पण त्या जागेवरून हलल्या नाहीत.