अठराशे कॅलरी

माझी भाची डार्ला काही खाऊन 'वा, छान झालंय' म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. ताटात काही पडलं की आधी तिचा फोन बाहेर येतो. बाईसाहेब त्यात आकडे टाकणार, फोन होकार देणार, मग घास तोंडात जाणार. मिनियापोलिसला राहून लोकांना कसं जेवावं ते शिकवते म्हणे. आणि लोक त्याचे पैसेही मोजतात. देवा रे देवा!

या उन्हाळ्यात माझ्या भावाचं, हार्लनचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्याला सांभाळायला डार्ला आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावी येऊन राहिली. लेकच ती, आली, चांगलं केलं. पण हार्लन चौऱ्याऐंशीचा, सगळी हयात गाई राखण्यात गेलेली. साय काढलेल्या दुधाला तो दूधच म्हणत नाही. अशा माणसापुढे लेकीनं बिनफॅटचं दही ठेवलं, वर मोजून सहा ब्लूबेरी.

हार्लन वाळत चालला. दर सोमवारी ट्रूडी नावाची नर्स वजन करायला यायची आणि काटा प्रत्येक वेळी खाली.

"जेवतात ना नीट?" ती विचारायची.

"चाटूनपुसून साफ करतात," डार्ला सांगायची. ते खरंच होतं.

मग दिलेलं सगळं खाऊन माणूस वाळतो कसा? पोटात काहीतरी वाईट वाढतंय, असा डॉक्टरांना संशय आला. येत्या सोमवारी वजन आणखी घटलं तर हॉस्पिटलात न्यायचं, पोटात नळी घालायची, तपासण्या करायच्या असं ठरलं. हार्लननं ऐकून घेतलं आणि मला एवढंच म्हणाला, "ल्युएला, तिथे नेलं तर मी काही परत येत नाही." मलाही तसंच वाटत होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

म्हणून रविवारी चर्चमधून येताना मी चौकातल्या दुकानातून त्याच्यासाठी आइस्क्रीम घेतलं. व्हॅनिलाचे तीन भलेमोठे गोळे, त्यावर गरम चॉकलेट सॉस, कॅरॅमल, अक्रोडासारखे खारवलेले पेकनचे दाणे, फेटलेली साय आणि चेरी. डार्लानं दारातच अडवलं.

"आत्या, हे काय आहे?"

"आइस्क्रीम. तुमची दोघांची गाठभेट होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून ओळख पटत नसेल."

"यात किती कॅलरी आहेत, कल्पना आहे तुला? नुसत्या गोळ्यांच्याच नऊशे. सॉसच्या दीडशे, कॅरॅमलच्या शंभर, पेकनच्या दोनशे, सायीच्या शंभर..."

"आणि चेरी?"

"दहा."

"चला, चेरी तरी घरंदाज निघाली."

"चेष्टा नको, आत्या! साखर बघ, चरबी बघ. प्रथिनं नावाला, तंतू शून्य."

"अगं बाई, बरगड्या मोजता येतायत त्याच्या. लागू दे की थोडी चरबी!"

"डॉक्टरांनी स्वतः मला फोनवर सांगितलंय, दिवसाला अठराशे. तुझ्या या एका पेल्यातच साडेचौदाशे गेल्या. मग उरलेला दिवस त्यांना काय देऊ, वारा?"

आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं तो पेला सिंकमध्ये उपडा केला, वर गरम पाणी सोडलं. आतल्या खोलीतून हार्लन बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डॉक्टरांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार?

सोमवारी ट्रूडीनं काटा पाहिला आणि मान हलवली. आणखी चार पौंड गेले होते. तिनं डॉक्टरांना लावायला फोन काढला, मग थांबली.

"डार्ला, रोज अठराशे जातायत ना पोटात?"

डार्ला ताठ बसली. "एकदाही ओलांडल्या नाहीत! मी हजाराच्या पुढे जाऊच दिलं नाही. काल तर नऊशे वीस." आणि पहिला नंबर आल्यासारखा तिनं फोन पुढे केला.

ट्रूडीनं फोनकडे पाहिलं, मग हार्लनकडे.

"अगं, निदान अठराशे म्हणाले होते डॉक्टर. जखम भरायला. त्याच्यावर जातील तेवढं चांगलंच."

"निदान?" डार्ला म्हणाली.

हो, निदान! लोकांना जेवण शिकवणारी ही बाई! कुणाला जास्तही खावं लागतं, हे तिच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि हिनं त्याला कुंपण समजून बापाला आत कोंडलं. पोटात कसलं काही वाढत नव्हतं, माणूस सरळसरळ उपाशी होता. मी तोंड सोडलंच. "शाब्बास गं शाब्बास! हाडंच शिल्लक राहिली असती, तर त्यांच्याही कॅलरी मोजल्या असत्यास!"

"तिला बोलू नकोस, ल्युएला," हार्लन पलंगावरून म्हणाला. "भूक लागायची मला. पण पोर एवढी राबतेय, आणि मागायचं कसं?"

ट्रूडी डॉक्टरांशी बोलली. हॉस्पिटल आठवडाभर पुढे ढकललं. हळूहळू वाढवा, पण वाढवा, असं बजावून ती गेली. डार्लानं गाडीची किल्ली उचलली. मीही बसले तिच्याबरोबर, सोडते की काय!

दुकानात फळ्यावर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिलेल्या असतात. डार्लानं विचारलं, "यात सगळ्यात जास्त कशात आहेत?"

"सगळ्यात कमी म्हणायचंय ना?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"जास्त. त्यावर पेकन घाल. शेंगदाण्याचं लोणी आहे? तेही घाल. अजून घाल."

मी बाजूला उभी राहून हसले. छान जिरली असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी येऊन ती हार्लनजवळ बसली. चमचा भरून त्याच्या ओठांशी नेला. त्याचं तोंड किंचित उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यानं आधी टेबलावरच्या तिच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाळा, हे मला चालतं का?"

डार्लानं होकारार्थी मान डोलावली. माझ्या जिभेवर टोमणा तयार होता, तो मी गिळून टाकला.

"नक्की ना?" तो म्हणाला. "नाहीतर दुपारचं जेवण नको देऊस."

चमच्यातलं आइस्क्रीम वितळून तिच्या मनगटावर ओघळायला लागलं होतं. "दुपारचंही देणार आहे, बाबा," ती म्हणाली. तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं.