बेचाळीस डिग्री

"बत्तीस लिहा," मॅनेजर साहेबांनी लॉगबुक पुढं सरकवलं.

"बेचाळीस भरलंय साहेब. आत्ताच बघून आलो."

"उद्या तपासणी आहे, आबाराव. एका आकड्यानं तुमचं काय जातं?"

"माझं काय न्हाई जात. पण तळ्यातून तीस डिग्रीचं पाणी घेऊन राह्यलो अन् बेचाळीसचं सोडून राह्यलो. तसंच लिव्हणार."

जालन्याजवळच्या त्या लोखंडाच्या मिलला स्वतःचं छोटं वीजघर होतं, आणि आबाराव तिथं अकरा वर्षं पंप चालवत होते. खालच्या पाझर तलावातलं गार पाणी ओढायचं, यंत्रांची उष्णता त्यात उतरवायची आणि ते पुन्हा तळ्यात सोडायचं, एवढंच काम. त्याचं पुढं काय होतं, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

पण १९९४च्या उन्हाळ्यात तळं निम्म्यावर आलं आणि रोहू पोट वर करून काठाला लागले. मच्छीमार सोसायटीच्या केशरबाईनं टोपलीभर मेलेले मासे आणून मिलच्या गेटवर ओतले. शिफ्ट सुटलेली माणसं नाकाला रुमाल लावून बाजूनं निघून गेली. आबाराव तेवढे थांबले.

"वॉल्व तूच फिरवतो ना, दादा?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं रिकामी टोपली उचलली आणि चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते सुटणाऱ्या पाण्याचं तापमान रोज तीनदा मोजून लॉगबुकात लिहू लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

तपासणीला आलेल्या प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांपुढं साहेबांनी कोरी करकरीत वही ठेवली. सगळीकडं बत्तीस. आबारावांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते दारातून आत आले.

"ही वही काल संध्याकाळी लिव्हली साहेब. खरी ही घ्या."

"आबाराव, बाहेर व्हा," मॅनेजर म्हणाले.

"होतो. वही देऊन होतो."

अधिकारी पानं चाळत राहिले. मग उठले आणि स्वतः थर्मामीटर घेऊन तळ्याकडं चालू लागले.

महिन्याभरात नोटीस आली. वर्षाच्या आत कूलिंग टॉवर बसवा, नाहीतर वीजघर बंद. त्याच आठवड्यात आबारावांची बदली गेटवर झाली. वॉचमनची खाकी घरी आणली, तेव्हा बायको गोपिकाबाई बराच वेळ ती उलटीसुलटी करून बघत राहिल्या.

"अकरा वर्षं मशीन संभाळली, अन् आता दांडकं?"

"मंग काय, बत्तीस लिव्हू?"

गोपिकाबाईंनी सुई-दोरा घेतला आणि सैल होणारा सदरा आत घेतला.

टॉवर उभा राहिला. गरम पाणी वरून लाकडी फळ्यांवर पडायचं, पंख्याच्या वाऱ्यानं निवायचं आणि पुन्हा यंत्राकडं जायचं. तळ्यात सोडायची गरजच उरली नाही. पंपावर मात्र दुसरा माणूस आला. साहेबांनी आबारावांना बोलावून टाइप केलेला कागद पुढं ठेवला. चूक झाली, असं लिहून दिलं तर जुनी जागा मिळणार होती.

"कोणती चूक, ते लिव्हलं न्हाई यात," आबाराव म्हणाले आणि कागद तिथंच ठेवून गेटवर आले.

पुढच्या वर्षीचा जून सरता सरता केशरबाईचा टेम्पो गेटसमोर थांबला. मागं हवा भरून बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येकीत माशांची बोटभरही नसलेली हजारभर पिल्लं. मिलनं कुंपण घातल्यापासून तळ्याचा जवळचा रस्ता आवारातूनच जात होता. चिठ्ठीशिवाय बाहेरची गाडी आत सोडायची नाही, असा हुकूम होता.

"फेऱ्यानं गेलो तर घंटा जातो दादा. इतक्या उन्हात बीज टिकत न्हाई."

केबिनमधला फोन वाजू लागला. ऑफिसच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवत होतं. आबारावांनी दोन्ही हातांनी गेटचा आडवा बांबू वर उचलला आणि टेम्पो खड्डे चुकवत, पिशव्यांना धक्का न लागू देता सावकाश पार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.